स्वयंपाकघरातल्या चपला

आधीच सांगून ठेवते, मी संशयी बाई आहे. भाजीवाल्याचा काटा, दुधातलं पाणी, शेजारणीचं गोड बोलणं, कशावरच माझा चटकन विश्वास बसत नाही. माझी मुलगी ऋचा मराठी समजते पण बोलते हिंदीत. ती म्हणते, "मम्मी, तुम्हें तो पुलिस में होना था." असेल. पण टाचांच्या या दुखण्यात दुखण्याने मला जेवढं छळलं, त्याहून जास्त या स्वभावाने छळलं. डॉक्टरच्या बाकावर बसून माझ्यासारखेच विचार करत असलेली एखादी बाई कुठेतरी असेलच, तिच्यासाठी हे लिहून राहिले आहे.

समजदार टाच

एके दिवशी सकाळी पलंगावरून उजवा पाय खाली टेकवला आणि अशी कळ आली की मी ओरडलेच. कोणीतरी फुटलेली बांगडी फरशीवर टाकली असं वाटलं. मी वाकून पलंगाखाली पाहिलं, कामवालीला विचारलं, तिच्यावर थोडा डोळाही ठेवला. बांगडी काही सापडली नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मग पोटरीतून खाली टाचेला येते ना, ती मागची जाड शीर दुखायला लागली. हात लावला तर गरम लागायची.

या दुखण्याची एक खोड आहे, ती नव्या माणसाला माहीत असावी. सकाळी हे सगळ्यात जास्त असतं. अंग आखडलेलं, पाय टेकवत नाही. मग भिंत धरत, लंगडत काम करत राहिलं की हळूहळू सुटतं. म्हणजे आराम केला तर वाढणार आणि राबलं तर कमी होणार. आता असं दुखणं घरात कोण खरं मानेल?

सासूबाईंनी तर मानलंच नाही. त्या ऐंशीच्या घरातल्या, पण जीभ अजून धारदार. म्हणाल्या, "सकाळी पोळ्यांच्या वेळेला दुखते अन् संध्याकाळी बाजारात जायच्या वेळेला बरी होते. मोठी समजदार टाच आहे बाप्पा तुझी."

आमचे हे, श्रीकांत, फॅक्टरीत नोकरीला. भांडण आवडत नाही त्यांना, म्हणून ते मधलंच काहीतरी बोलतात. "वजन थोडं कमी करून पाहा ना," म्हणाले. मला कळलं की यांचाही विश्वास नाही. त्या दिवशी मी मुद्दाम सगळ्या पोळ्या उभ्याने केल्या आणि मोरीत जाऊन रडले.

हाडांच्या डॉक्टरने एक्स-रे फोटो काढायला लावला आणि टाचेचं हाड वाढलं म्हणून सांगितलं. टाचेत सुई टोचली. त्या सुईची आठवण आली की अजून पाय आखडतो. फोटो काढणाऱ्याचं दुकान डॉक्टरच्या दवाखान्यालाच लागून होतं, ते मी बरोबर हेरलं होतं. घरचे उपायही चालू होतेच. विटेचा शेक, मिठाचं गरम पाणी, रुईची पानं तव्यावर गरम करून बांधायची. थोडं बरं वाटायचं. मग डावी टाच सुरू झाली. मग पायाचं एक बोट सुजून असं टम्म झालं की जोडव्याची जागाच उरली नाही. जोडवं कापून काढावं लागलं, तेव्हा मात्र सासूबाईंनी स्वतः वाकून माझं बोट पाहिलं.

टाच दाखवायला गेले

आमच्या जबलपुरात सिविल लाइंसमध्ये सांध्यांचे एक डॉक्टर आहेत, असं यांच्या साहेबांनी सांगितलं. गेलो. डॉक्टर तरुण, आवाज इतका हळू की पुढे वाकून ऐकावं लागे. हळू बोलणाऱ्या माणसाबद्दल माझं मत आधीच बरं नसतं.

त्याने टाच दाबली. मी किंचाळले. मग तो म्हणाला, "हाथ दिखाइए." मी म्हटलं, दुखते टाच, याला हात कशाला पाहिजे? तो माझी नखं बघत बसला. नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे होते, मी कधी नीट पाहिलेच नव्हते.

"सिर में पपड़ी होती है?"

"रूसी है. सबको होती है," मी म्हटलं.

तो उठला, कानामागचे केस बाजूला करून पाहिलं. मग कोपर. कोपरावर एक खरखरीत लाल चट्टा होता, वर पांढरी सालं. मी त्याला बरीच वर्षं खोबरेल तेल चोपडत होते. मी यांच्याकडे पाहिलं. नजरेनेच म्हटलं, अहो, टाच दाखवायला आलो आणि हा माणूस केस बघून राहिला, चला उठा.

पण त्याने समजावून सांगितलं. डोक्यातला तो कोंडा, कोपरावरचा चट्टा, नखं, बोट आणि दोन्ही टाचा, हे सगळं एकच दुखणं आहे. कातडीचा सोरायसिस कधीकधी सांध्यांत उतरतो. शरीराची स्वतःची राखण करायची ताकद चुकून शरीरावरच उठते आणि शीर जिथे हाडाला चिकटते तिथे सूज येते. "जाता नहीं, पर काबू में रहता है," तो म्हणाला.

मी फक्त पहिले दोन शब्द ऐकले. जाता नहीं.

येताना स्कूटरवर हे म्हणाले, "चलो, नाव तर कळलं." मी मागे बसून पदरात तोंड घालून रडत होते. मला नाव नको होतं, मला टाच परत पाहिजे होती. विजय नगरच्या वळणावर यांनी स्कूटर थांबवली आणि उसाच्या रसाचा ग्लास हातात दिला. तो रस मी प्याले, हे खरं आहे.

डॉक्टरने दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक, पिवळी गोळी, ती आठवड्यातून एकदाच, रोज नाही, आणि मध्ये मध्ये रक्त तपासायचं. दुसरी, अनवाणी चालायचं नाही. घरातही नाही. टाचेला थोडी उंची असलेली मऊ चप्पल सतत पायात पाहिजे.

लोकर चालते

आता ही दुसरी गोष्ट ऐकायला सोपी वाटते. पण आमच्या घरात देव स्वयंपाकघरात आहेत. ओट्याच्या शेजारी कोनाडा, त्यात बाळकृष्ण, अन्नपूर्णा, पंचायतन आणि महालक्ष्म्यांचे टाक. आम्ही मूळचे अमरावतीकडचे. राज्यं वेगळी झाली, अर्धे नातेवाईक तिकडे महाराष्ट्रात गेले, आम्ही जबलपुरात राहिलो. भाषा निम्मी हिंदी झाली, पण सोवळं तेवढं तसंच राहिलं. सासूबाईंच्या स्वयंपाकघरात चपलेने पाय टाकलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. गॅसवालाही सिलिंडर उंबऱ्याबाहेर ठेवतो.

मी विषय काढून पाहिला. सासूबाई म्हणाल्या, "देवापुढे चपला? त्यापेक्षा मला घाटावर नेऊन ठेवा."

मग मी दिवसभर सगळीकडे चपला घालायचे आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी काढायचे. दिवसाचा जास्त वेळ जातो कुठे? तिथेच. खाली दगडी फरशी, थंडीत बर्फाची लादी. डॉक्टरने विचारलं की मी म्हणायचे, हो, घालते ना चपला.

काही दिवसांनी सासूबाईंनी माझ्यापुढे लोकरीचे मोजे टाकले. स्वतः विणलेले, टाचेशी दुहेरी. "लोकर सोवळ्यात चालते," एवढंच म्हणाल्या आणि निघून गेल्या. ऐंशीच्या घरातल्या बाईने डोळ्याला त्रास देऊन मोजे विणले, दुसरी कोणी असती तर हरखून गेली असती. मी मात्र विचार करत बसले. या बाईला एकाएकी माझी दया काहून आली?

पिवळी गोळी

एकदा औषधाच्या दुकानात मीच गेले. चिठ्ठी देताना सहज विचारलं, "भैया, हफ्ते में एक ही बार? लिखने में गलती तो नहीं?"

"नहीं भाभीजी, सही है. कैंसर वालों को भी यही देते हैं," तो म्हणाला आणि सुटे पैसे शोधायला लागला.

मी सुटे पैसे न घेताच दुकानातून निघाले. पाचावर धारण बसली माझी.

आता मामाजींचं सांगते, म्हणजे माझी भीती कळेल. मामाजी म्हणजे माझे सासरे. त्यांना कॅन्सर झाला तेव्हा त्यांना सोडून सगळ्या घराला माहीत होतं. आमच्याकडे अशीच रीत आहे, पेशंटला सांगायचं नाही. त्यांच्या डॉक्टरनेही आमच्या सांगण्यावरून त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं, "गाँठ है बाबूजी, सूख जाएगी." मामाजींना मधुमेह होता. सासूबाई त्यांना गोड बोटालाही लागू देत नसत. आणि एक दिवस त्यांनी स्वतःच्या हाताने खोव्याची जिलेबी त्यांच्या ताटात वाढली. मामाजींनी जिलेबीकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं आणि म्हणाले, "काहून? इतकं वाईट आहे का?" सगळे मोठ्याने हसले. मीही हसले. त्यांनी जिलेबी खाल्ली आणि पुन्हा कधी काही विचारलं नाही.

म्हणजे खोटं कसं बोलतात हे मला घरबसल्या शिकवलेलं होतं. आणि आता एकेक खूण माझ्याच वाट्याला येऊन राहिली होती.

सासूबाई टोमणे मारेनाशा झाल्या. गोळाभात केला की माझ्या पानावर फोडणीचं तेल सढळ हाताने घालायला लागल्या. आमच्या घरात तेलाला हात आखडता असतो. ऋचा भोपाळहून रोज फोन करायला लागली, आधी आठवड्यातून एकदा करायची तेही पैसे संपले म्हणून. आमचे हे फोन घेऊन गच्चीवर जायचे. एकदा जिन्यात मला ऐकू आलं, "नाही, तिला आत्ताच नको सांगायला." मी खाकरले तर फोन बंद. "कोण होतं?" "काही नाही, नागपूरचा." नागपूरला माझा दीर असतो. मामाजींच्या वेळीसुद्धा सगळ्यात आधी नागपूरलाच कळवलं होतं.

मग एका साध्या मंगळवारी, सण नाही, वाढदिवस नाही, हे खोव्याची जिलेबी घेऊन आले. प्लेटमध्ये घालून माझ्यासमोर ठेवली आणि माझ्या तोंडाकडे बघत बसले. सासूबाई दारात उभ्या. मी त्या जिलेबीकडे पाहिलं. "मला नको," म्हटलं आणि उठून गेले. मागून हे काहीतरी पुटपुटले आणि सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे, आज नको."

आणि वर म्हणे, "रविवारी भेडाघाटला जाऊन येऊ का? नर्मदामाईचं दर्शन होईल." मामाजींनाही शेवटी आम्ही भेडाघाटला नेलं होतं. मी म्हटलं, माझे पाय दुखतात, तुम्ही जा. ते खरंच एकटे गेले. म्हटलं, वा, नवसही बोलून येतील.

विचारून पाहिलं

मी अगदी गप्प बसले असं नाही. पुढच्या वेळी डॉक्टरकडे गेले तेव्हा यांना पाण्याची बाटली आणायला पाठवलं आणि दार लागताच विचारलं, "डॉक्टर साहब, सच बताइए. मुझे कैंसर है?"

डॉक्टर आधी गोंधळला, मग हसला. "दवा वही है, पर आपको बहुत थोड़ी दी है, और बीमारी बिल्कुल दूसरी है. मैं आपसे झूठ क्यों बोलूँगा?"

का बोलशील? मामाजींचा डॉक्टर का बोलला होता? तेवढ्यात हे बाटली घेऊन आले आणि डॉक्टरने यांच्याकडे पाहून मान हलवली. झालं. मला जे समजायचं ते मी समजले.

माझा गोळीचा वार बुधवार. त्या बुधवारपासून मी गोळी गिळणं बंद केलं. सगळ्यांसमोर तोंडात टाकायची, वर पाणी प्यायचं, मग मोरीत जाऊन थुंकायची. म्हटलं, जायचंच असेल तर धडधाकट तोंडाने जाऊ, औषधाने तोंड आणून आणि केस गाळून कशाला? ऋचाचं लग्न कोण करेल, हा विचार मात्र रोज यायचा. भीती वाटत होती मला. खूप वाटत होती. आणि ज्यांना सांगावी तेच लपवून राहिले होते.

गोळी थांबवून थोडेच आठवडे झाले आणि दुखणं व्याजासकट परत आलं. दोन्ही टाचांच्या मागे सुपारीएवढी सूज. एके सकाळी पाय टेकवेनाच. फरशीवर बसून घसरत घसरत मोरीपर्यंत गेले. यांनी उचलून आणलं. हे कोणी वाचत असाल तर ऐका, मनाने गोळी सोडू नका. शंका असेल तर डॉक्टरला पुन्हा विचारा, तो वैतागेपर्यंत विचारा, दुसऱ्याला विचारा. मोरीला विचारू नका.

रिकामा कोनाडा

त्यानंतर दोन दिवस मी पलंगावरच होते. तिसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तर घर शांत. देवाची घंटा नाही, सासूबाईंचं स्तोत्र नाही. मी भिंत धरत स्वयंपाकघरापर्यंत गेले, सवयीने उंबऱ्याशी चपला काढल्या आणि आत पाहिलं.

कोनाडा रिकामा होता. देव नव्हते. नुसता तेलाचा डाग आणि हळदीकुंकवाचे थर.

आमच्या घरात सुतक आलं की देवांना हात लावत नाहीत, पूजा बंद असते, म्हणून देव शेजाऱ्यांकडे ठेवायला देतात. माझ्या मनात काय आलं असेल सांगा? मी म्हटलं, अरे, मी अजून जिवंत आहे, एवढी काय घाई होती!

समोरच्या खोलीतून आवाज आला म्हणून तशीच अनवाणी तिकडे गेले. सासूबाई ओल्या केसांनी, सोवळं नेसून पाटावर बसल्या होत्या. टीव्ही जिथे असायचा तिथे भेडाघाटच्या पांढऱ्या संगमरवराचा नवा देव्हारा होता, आणि त्या एकेक देव पुसून आत ठेवत होत्या. हे बाजूला टीव्ही दोन्ही हातांत धरून उभे. तो कुठे ठेवायचा हे बहुतेक कोणी ठरवलंच नव्हतं.

माझा बांध फुटला. "आई, आता लपवू नका. मला तेच आहे ना? मामाजींना होतं तेच?"

"काय होतं?" हे म्हणाले, टीव्ही धरूनच.

मग मी सगळं बोलले. दुकानदार, जिलेबी, गच्चीवरचे फोन, गोळाभातातलं तेल, मोरीत थुंकलेल्या गोळ्या. बोलता बोलता रडत होते आणि रडता रडता चिडत होते. यांचा चेहरा गोळ्यांचं ऐकून पांढरा पडला.

"अगं बाई," ते म्हणाले, "देव हलवायचे होते. डॉक्टरने मला स्वतंत्र विचारलं, यांच्या टाचेची सूज का उतरत नाही, घरात अनवाणी चालतात का? मी आईला सांगितलं. देव दोघा भावांचे, नागपूरला विचारल्याशिवाय हलवले असते तर त्याने जन्मभर ऐकवलं असतं. तो महिनाभर हो-नाही करत बसला. तो नाही म्हणाला असता तर तुला किती लागलं असतं, म्हणून तुला नको सांगायला म्हटलं. ऋचाने काकाच्या मागे लागून त्याचा होकार मिळवला. मग गुरुजी दिवस देईनात."

"अन् जिलेबी?"

"होकार आला त्या दिवशी तोंड गोड करून सांगणार होतो. तू त्या प्लेटकडे असं पाहिलंस की हिंमतच झाली नाही."

सगळं जुळत होतं. पण माझा स्वभाव तो. इतकं सगळं जुळतं तेव्हाच कुठेतरी पाणी मुरत असतं. मी म्हटलं, "तुम्ही मला बरं वाटावं म्हणून बोलून राहिले. माणूस जायला निघालं की सगळे असेच चांगले वागतात. मामाजींशी नाही वागलो आपण?"

सासूबाईंच्या हातात अन्नपूर्णा होती. ती त्यांनी पदराने पुसली, पुन्हा पुसली, देव्हाऱ्यात ठेवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते.

"त्यांच्यासाठी मी जिलेबी आणली होती," त्या म्हणाल्या. "देव नाही हलवले."

मी खाली बसले तशीच, त्यांच्या पाटाजवळ.

त्यांनी नाक पुसलं आणि पाटाखालून एक पिशवी ओढून माझ्याकडे सरकवली. आत नव्या चपला होत्या, टाचेला उंच, मऊ, किमतीची चिठ्ठी अजून लटकलेली.

"घाल," त्या म्हणाल्या. "अन् आत जाऊन चहा टाक. हा केव्हाचा टीव्ही धरून उभा आहे."